वाशीच्या मंडळात वाचलेली गोष्ट

आमच्या घरात पांढरा अभ्रा कधी टिकला नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तुर्भ्याला एका रंगाच्या कारखान्यात कामाला होते, आणि त्या दिवशी कारखान्यात जो रंग निघाला असेल तो त्यांच्या अंगात मुरून घरी यायचा. दारापुढच्या फरशीवर ते उकिडवे बसायचे आणि माय त्यांची पाठ घासून द्यायची. गटाराकडे वाहणारं पाणी कधी जांभळं असायचं, कधी हळदीसारखं पिवळं. दोन-दोनदा साबण लावूनही कानामागे, नखांत, मानेच्या वळीत रंग राहायचाच, आणि झोपेत तो उशीवर उतरायचा. आबांची थुंकीसुद्धा रंगीत असे. सगळ्यांच्याच वडिलांची तशी असते असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांना चूळ भरताना पाहिलं तेव्हा कळलं की तसं नसतं.

आमची वस्ती कारखान्याची मागची भिंत आणि खडीचा डोंगर यांच्या मधोमध होती. कमरेएवढ्या विटा, त्यावर पत्रे, आणि दोन खोल्यांच्या मध्येही पत्राच. दिवसभर खडी फोडणाऱ्या मशीनची घरघर, चढावर गियर बदलणारे ट्रक, आणि पाळी सुटली की भोंगा. भोंगा झाला की ओळीने सगळ्या खोल्यांत स्टोव्ह पेटायचे आणि भाकऱ्या थापल्याचे आवाज सुरू व्हायचे. आम्ही मराठवाड्यातली माणसं, नुसता भात खाल्ला तर आबांना जेवल्यासारखं वाटत नसे. गावाकडून कुणी आलं की ज्वारीचं गाठोडं आणायचंच. पण इथल्या आगरी बायकांकडून माय सुका जवळा घ्यायला शिकली होती. लसूण ठेचून ती तो तव्यावर परतायची. तो वास आणि कारखान्याचा घशात बसणारा आंबट वास, दोन्ही मिळून माझं घर होतं. आता तिथे स्टेशन झालं आहे. मी कधी उतरते तेव्हा नाकाला काहीच लागत नाही, आणि क्षणभर आपण चुकीच्या जागी आलो असं वाटतं.

पत्र्यापलीकडच्या खोलीत काशीनाथकाका राहायचे. ते आमच्याच गावचे, आबांचे लहानपणापासूनचे मित्र. आधी आबा इथे आले, कारखान्यात चिकटले आणि मग त्यांनी काकांना बोलावून घेतलं. दोघं एकाच खात्यात, एकाच पाळीला. काकांची बायको पारूकाकू आणि माझी माय पहाटे पाण्याच्या रांगेत एकीपाठी एक उभ्या राहायच्या. त्यांची मुलगी छबी आमच्याकडे जेवायची आणि मी त्यांच्याकडे. पत्र्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे विचारावंच लागत नसे. काका लिहायला-वाचायला शिकले नव्हते, पण गोष्टींचं त्यांना भारी वेड. संध्याकाळी पलीकडून पत्र्यावर बोटांनी वाजवायचे आणि म्हणायचे, “सुने, आज काय वाचलंस ते सांग की.” मी इकडून सांगायची, ते तिकडून ऐकायचे. शेवट आवडला नाही तर मोठ्याने भांडायचे. “असं कसं मरू दिलं त्याला? आणखी एक पान फुकट गेलं असतं का त्या लिहिणाऱ्याचं?” आणि पारूकाकू हसत हसत त्यांना ओरडायची, “आवं, भाकर निवाय लागली, जेवा आधी.”

दहावी झाल्यावर मी वाशीच्या ज्युनिअर कॉलेजात जाऊ लागले. वस्तीतून जाणारी मी पहिली मुलगी, त्यामुळे सकाळी मी निघाले की बायका दारात येऊन बघायच्या. तिथे वर्तकबाई आम्हाला मराठी शिकवायच्या. उंच, किडकिडीत, नेहमी सुती साडी, आणि बोलताना समोरच्याकडे थेट बघायची सवय. माझा एक निबंध वाचून त्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, “सुनंदा, पुढच्या रविवारी चार वाजता माझ्या घरी ये. आम्ही काही लोक जमतो. पुस्तकांवर बोलतो. तू नुसतं ऐकलंस तरी चालेल.”

वाशी तेव्हा अर्धी बांधलेली होती. नव्या इमारती, त्यांच्यामध्ये चिखलाची मोकळी मैदानं, जाळीच्या पिंजऱ्यात लावलेली हातभर झाडं. खाडीपलीकडून, दादर-गिरगावातून लोक इथे राहायला आले होते. घर मोठं मिळालं, पण इथे ग्रंथालय नाही, नाटक नाही, बोलायला माणूस नाही, म्हणून ते हळहळत. त्या हळहळीतूनच बाईंचं मंडळ निघालं होतं. महिन्यातून दोन रविवार दहा-पंधरा माणसं त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमायची. बँकेतले एक गृहस्थ, निवृत्त पोस्टमास्तर, कुणा इंजिनिअरची बायको, कॉलेजातली दोन-तीन पोरं. एकाने महिन्याभरात वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं, मग बाकीच्यांनी. मध्ये चहा आणि कोथिंबिरीच्या वड्या. मी पहिल्या दिवशी दाराजवळ सतरंजीवर बसले. पुस्तकावर इतकी मोठी माणसं इतकं गंभीरपणे भांडतात हे मी आयुष्यात प्रथमच बघत होते. मला काकांची आठवण झाली आणि हसू आलं.

घरी आले तेव्हा मायने पहिला प्रश्न विचारला, “चहा कशात दिला?”

“सगळ्यांना दिला तसल्याच कपात.”

“नीट बघितलं व्हतंस?”

मी नीट बघितलं होतं. पुढच्या वेळेपासून रविवारी माय माझ्या वेणीला स्वतः तेल लावायला लागली.

वर्षभरात मी मंडळाची झाले. सतरंजीवरून खुर्चीवर आले. बोलायलाही लागले, सुरुवातीला थरथरत, मग नको इतकं. माझी भाषा बदलली. घरी ‘न्हाई’ आणि तिथे ‘नाही’, हे मला जिभेच्या एका वळणात जमू लागलं. खरं सांगायचं तर त्या फ्लॅटमधल्या दोन तासांसाठी मी बाकीचे चौदा दिवस काढत होते. तिथून परत येताना ट्रकांच्या धुळीतून चालत, हळूहळू आंबट वास सुरू झाला की माझं मन उतरायचं. हे लिहायला मला आजही लाज वाटते.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता काशीनाथकाका गेले. दिवसपाळीची वेळ होती. मी कॉलेजातून येऊन जेवायला बसले होते. खडीच्या मशीनची घरघर नेहमीसारखी चालू होती. कारखान्यातली दोन माणसं आली आणि पारूकाकूच्या दारात उभी राहिली. त्यातल्या एकाने टोपी काढली. नंतर काय झालं ते मी पत्र्याच्या अलीकडून ऐकलं. संध्याकाळी त्यांना आणलं तेव्हा त्यांचा चेहरा आणि हात गडद निळे होते. आंघोळ घालताना बायकांनी पाण्यावर पाणी ओतलं, तो रंग काही निघाला नाही. तसेच नेले त्यांना. छबी वडिलांना दादा म्हणायची. मायच्या मांडीवर बसून ती विचारत होती, “दादाला पुसून काढत का न्हाईत?”

कारखान्याने सांगितलं की टाकीत हातातला पाना पडला म्हणून तो काढायला काशीनाथ कुणालाही न विचारता उतरला. आत वायू साठलेला होता. टाकीत विनापरवानगी उतरू नये असा नियम आहे, तो त्याने मोडला. चूक त्याची. तिथे हजर असलेल्या कामगारानेही तसंच लिहून दिलं आहे. त्यामुळे नुकसानभरपाईचा प्रश्न येत नाही. पारूकाकूने हे ऐकलं आणि खरं मानलं. का मानू नये? काका होतेच तसे धसमुसळे. आणि मग तिचं दुःख रागाकडे वळलं. स्टोव्ह पेटवताना, पाणी भरताना, छबीला न्हाऊ घालताना ती गेलेल्या नवऱ्याला शिव्या द्यायची. “लोखंडाच्या तुकड्यापायी गेला मुडदा. पोरीचा इचार केला न्हाई. माझा केला न्हाई. पाना काय बरोबर नेणार व्हतास का रं?” हे रोज. पत्र्यापलीकडून. आबा ते ऐकत बसायचे आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठायचे.

दिवाळीनंतरची गोष्ट असेल. रविवारची दुपार, पारूकाकू छबीला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी आतल्या बाजूला पडद्यामागे पुस्तक घेऊन पडले होते. मला झोप लागली आहे असं दोघांना वाटलं असावं. माय ज्वारी निवडत होती. आबा एकदम म्हणाले, “पाना-बिना काही न्हाई पडला.”

मायचं सूप थांबलं.

“सायबानं सांगितलं उतरा म्हणून. टाकी साफ करायची व्हती, दुसरा माल चढवायचा व्हता. म्या म्हणलं वास मारायलाय. तो म्हणला, वासानं कुणी मरत न्हाई. पाळी माझी व्हती, उतरायची. सकाळपासनं मला खोकल्याची ढास लागलेली. काशी म्हणला, तू थांब लक्ष्या, मी उतरतो.”

“मंग कागूद?”

“त्यांनीच लिहिलं. म्या सही केली. म्हणले, केली न्हाई तर तूबी घरी जा.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “पोरगी कालेजात हाय.”

मग सुपात पुन्हा ज्वारी खळखळली. माय एवढंच म्हणाली, “पारूला कळू देऊ नका.”

मी पडद्यामागे श्वास रोखून पडले होते. मला वाईट वाटलं, भीतीही वाटली. पण त्या सगळ्याच्या खाली आणखी काहीतरी हललं, आणि आज इतक्या वर्षांनी मी त्याला नाव देऊ शकते. हे लिहिण्यासारखं आहे, असं मला वाटलं होतं.

मी ते लिहिलं. कारखाना साबणाचा केला, माणसांची नावं बदलली, गाव बदललं. उतरायची पाळी कुणाची, ढास कुणाला, सही कुणी केली आणि का, हे मात्र जसंच्या तसं ठेवलं. मरणारा माणूस टाकीच्या तळातून आपल्या आईला हाक मारतो असा शेवट केला. तो मला फार आवडला होता. वर्तकबाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हे तुला कुठून सुचलं?” मी म्हणाले, “ऐकलं होतं कुणाकडून तरी.” फेब्रुवारीत मंडळाचा वार्षिक मेळावा होता, शाळेच्या हॉलमध्ये, बाहेरून पाहुणे येणार होते. बाईंनी ठरवलं की नव्या लिहिणाऱ्यांत माझी गोष्ट शेवटी वाचायची. तरी खबरदारी म्हणून त्यांनी आणखी एक लिखाण बरोबर ठेवायला सांगितलं, कारण वेळ कमी पडला तर छोटं काहीतरी लागेल. मी आमच्या गावच्या नदीवर लिहिलेली दोन पानं फाइलमध्ये घातली.

घरी मी फक्त सांगितलं होतं की मेळाव्यात मी एक गोष्ट वाचणार आहे. आबांना त्या रविवारी जादा पाळी होती. मायला यायचं होतं, पण ती कधी असल्या ठिकाणी गेली नव्हती, मी आग्रह केला नाही. मी सकाळीच वाशीला गेले, खुर्च्या लावायला.

कार्यक्रम सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. मी स्टेजच्या बाजूला बसले होते. हॉलचं मागचं दार उघडलं आणि माय आत आली. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्यावर पदर. तिच्या मागे पारूकाकू होती. दवाखाना सोडला तर पाच महिन्यांत ती वस्तीबाहेर पडली नव्हती. मायने तिला ओढून आणलं होतं, जरा माणसांत बसेल, पोरीचं ऐकेल, तेवढाच जीव रमेल म्हणून. हे मायने मला नंतर सांगितलं. दोघी अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीला चिकटून बसल्या. मायने मला बघितलं आणि हसली. पारूकाकूनेही हात जरा वर केला.

माझ्या आधी दोघांचं वाचन बाकी होतं. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. फाइलमध्ये नदीवरची पानं होती. मी बाईंकडे जाऊन “मी हे वाचते” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बाईंनी कारणही विचारलं नसतं. पुढे लोकांनी मला समजावलं की तू लहान होतीस, घाबरलीस, सुचलं नाही. खोटं आहे ते. मला सुचलं होतं. मी फाइल उघडून ती पानं हातात घेतली होती. पण नदीवरच्या पानांना कुणी चष्मा काढला नसता. पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते, बाईंनी त्यांना माझ्याबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मला टाळ्या हव्या होत्या. मी मनाशी म्हणाले, नावं बदललीत, कारखाना साबणाचा आहे, काकूला काय कळणार आहे.

मी चांगलं वाचलं. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे मला वर्षभरात समजलं होतं. हॉल शांत होत गेला. ‘तू थांब, मी उतरतो’ या वाक्यापाशी मी मान वर केली. मागच्या भिंतीशी पारूकाकू बसली होती तशीच बसलेली होती, फक्त तिचा हात मायच्या हातातून निघाला होता. त्यानंतर मी मान वर केली नाही. सहीचा प्रसंग वाचला, आईला हाक मारणारा शेवट वाचला. मग टाळ्या झाल्या. पाहुणे उभे राहिले, त्यांच्यामागे बाकीचे उभे राहिले. त्या सगळ्या उभ्या माणसांमधून मला शेवटची रांग दिसेना. लोक बसले तेव्हा पारूकाकूची खुर्ची रिकामी होती. माय एकटी होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

वर्तकबाईंनी मला जवळ घेतलं. पोस्टमास्तरांचे डोळे भरले होते. “काय ताकद आहे हो पोरीच्या शब्दांत,” असं कुणीतरी म्हणत होतं. कुणीतरी माझ्या हातात बर्फीची बशी दिली. मी बर्फी खाल्ली. मला ते नीट आठवतं, कारण ती मला गोड लागली होती.

परत येताना माय माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. तुर्भ्याचा फाटा आला तेव्हा ती न वळता म्हणाली, “तू जागी व्हतीस तर.” बस, एवढंच.

दिवेलागणीला आबा आले. अंगावर तसाच रंग होता. माय पाणी घेऊन पुढे झाली नाही. ती आतच उभी राहिली आणि तिने त्यांना काय झालं ते सांगितलं, हळू आवाजात. पत्र्यापलीकडे छबीचाही आवाज नव्हता, पण आत दिवा लागलेला फटीतून दिसत होता. आबा उंबऱ्यावर बसले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं, त्या दिवशी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“काय लिहिलंस ते वाच,” ते म्हणाले.

“आबा...”

“वाच. त्या लोकास्नी ऐकवलंस, मला ऐकव.”

मी वाचलं. या वेळी आवाज खाली आणणं, थांबणं, काही जमलं नाही. ते मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “आईला हाक न्हाई मारली त्यानं. मला मारली. ‘लक्ष्या, वढ’ म्हणला. दोनदा.”

ते उठले. पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि जरा मोठ्याने, एखाद्याला लांबून सांगावं तसं बोलू लागले.

“म्या वाकलो. हात खाली घातला. त्याचा हात माझ्या हाताला लागला व्हता. तेवढ्यात वास नाकात गेला, डोळ्यापुढं अंधारी आली, आन् म्या मागं सरलो. हात सोडला. पुन्हा वाकलो तवा तो खाली गेला व्हता. हे पोरीच्या गोष्टीत न्हाई. हे तिच्या मायलाबी ठाऊक न्हाई. कागदावर सही केली ती नोकरीपायी केली, तेबी खरं. पाना न्हाई पडला, पारू. त्याची काही चूक न्हाई.”

पलीकडे दिवा विझला. आणखी काही नाही.

सकाळी आबांनी मला वही घ्यायला सांगितली. ते बोलले आणि मी लिहिलं. मध्ये एकदा मी वाक्य जरा नीट करायला गेले तर म्हणाले, “मी जसं म्हणतो तसंच लिही.” तो कागद घेऊन आम्ही दोघं कामगार खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो वाचला आणि विचारलं, “आधी एक लिहून दिलं, आता दुसरं. यातलं खोटं कुठलं?” आबा म्हणाले, “आधीचं.” महिन्याच्या आत कारखान्याने त्यांना काढून टाकलं, खोटं निवेदन दिल्याच्या कारणावरून. ज्यांनी ते त्यांच्याकडून लिहून घेतलं ते सगळे आपापल्या जागी राहिले. पारूकाकूच्या वतीने दावा दाखल झाला, तारखा पडत गेल्या, आणि निकाल लागायच्या आधी कारखानाच बंद पडला. मालकांनी तो दुसऱ्या राज्यात दुसऱ्या नावाने सुरू केल्याचं नंतर कानावर आलं.

आबांना त्या पट्ट्यात पुन्हा कुणी कायम कामावर घेतलं नाही. मिळेल ते केलं त्यांनी, शेवटची काही वर्षं जासईकडे एका कंटेनरच्या यार्डात रखवालदारी केली. छाती आधीच गेलेली होती. ते माझ्याशी वाईट कधी वागले नाहीत. मी शिक्षिका झाले तेव्हा शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आले. पण मी पुढे काय लिहिते, लिहिते की नाही, हे त्यांनी मरेपर्यंत विचारलं नाही. मी लिहीत नव्हतेच, त्यामुळे सांगायचीही वेळ आली नाही.

वर्तकबाई एकदा वस्तीत आल्या होत्या. मी मंडळात का येत नाही ते बघायला. मायने त्यांना स्टुलावर बसवलं. मी सगळं सांगितलं. “अगं, मला कुठे माहीत होतं हे खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, तुला सुचलंय.” थोड्या वेळाने, संकोचून, त्यांनी विचारलं की मंडळाच्या वार्षिक अंकात ती गोष्ट घ्यायची ठरली होती, तर काय करू. मी नको म्हणाले. त्यांनी ती काढली. चांगल्या बाई होत्या, त्यांच्याविषयी माझ्या मनात काहीच नाही. आता नावड्याजवळ मी राहते तिथेही असं मंडळ आहे, तरुण मुलंमुली येतात, आपल्या घरातलं लिहून आणतात, धीटपणे वाचतात. मला अध्यक्ष म्हणून बोलावतात. कुणी फार चांगलं वाचलं की मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यांवरून मागच्या रांगा बघत राहते. मुलांना वाटतं, बाईंचं लक्ष नाही.

पारूकाकू शिमगा झाल्यावर गावी गेली, कायमची. त्या मधल्या दिवसांत ती आमच्याशी बोलली नव्हती. मायशी नाही, आबांशी नाही. पाण्याच्या रांगेत ती आता चार बायका सोडून मागे उभी राहायची. मात्र पत्र्यापलीकडच्या शिव्या त्या रविवारपासून बंद झाल्या होत्या. त्याऐवजी कधी कधी नुसतं रडणं ऐकू यायचं, तेही तोंडात पदर कोंबलेला असावा असं. जायच्या दिवशी टेम्पोत तिचं सामान चढत होतं. ट्रंक, स्टोव्ह, गोधड्यांचं गाठोडं. माय दाराआड उभी होती, आबा सकाळीच कुठेतरी निघून गेले होते. मी बाहेर आले, पाया पडायला वाकले, तर तिने पाय मागे घेतले.

“काकू, माझं चुकलं,” मी म्हणाले. “पण निदान काकांची चूक नव्हती हे तरी तुला कळलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“त्या खुर्चीवरल्या लोकांच्या आधी मला सांगायचं व्हतंस, सुने,” ती म्हणाली. “पाच म्हैने शिव्या घातल्या म्या मेलेल्या माणसाला. रोज. पत्र्यातून तुला ऐकू येत व्हतं का न्हाई?”

छबी टेम्पोत चढून बसली होती आणि आईला हाका मारत होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काकू जागची हलली नाही. तिला उत्तर हवं होतं.

“येत होतं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, पदर खोचला आणि टेम्पोत जाऊन बसली.